इटास्काच्या काठी

मिनेसोटातल्या मराठी घरांत फेब्रुवारीच्या अखेरीस, दाराबाहेर गुडघाभर बर्फ असताना, एक विषय हमखास निघतो: यंदा कॅम्पिंगला कुठं? स्टेट पार्कमधल्या तंबूच्या जागांचं आरक्षण १२० दिवस आधी उघडतं आणि जून-जुलैतल्या शनिवार-रविवारच्या चांगल्या जागा बघता बघता जातात. जूनच्या शेवटी तळ्याकाठी झोपायचं तर बर्फात असतानाच तजवीज करावी लागते.

भारतातून पाहुणे आले की त्यांना ग्रँड कॅन्यन, नायगारा दाखवायची आपली रीत आहे. त्या जागा थोर आहेतच. पण इथं राहणाऱ्या माणसाची खरी घसट होते ती स्टेट पार्कांशी. ही उद्यानं राज्याच्या मालकीची, म्हणजे तुमच्याआमच्या करातून चालणारी. मिनेसोटात गाडीचा दिवसाचा किंवा वर्षाचा परवाना काढायचा. तेवढ्यात तळं, जंगल, पायवाटा, सगळं खुलं. शेजारच्या तंबूत कुणी सर्जन असतो, कुणी ट्रक चालवणारा. दोघंही सकाळी एकाच नळावर भांडी घेऊन उभे. मला या देशातली सगळ्यात आवडती गोष्ट विचारलीत, तर मी हीच सांगेन.

त्यातही इटास्का. मिनियापोलिसहून वायव्येला गाडीनं साधारण चार तासांवर. १८९१ साली स्थापन झालेलं हे मिनेसोटातलं सर्वांत जुनं स्टेट पार्क. विधिमंडळात त्याचा कायदा एका मतानं तरला. ३२ हजार एकरांहून जास्त जंगल आणि त्यात शंभरावर तळी. यातल्या इटास्का तळ्यातून मिसिसिपी निघते.

गेल्या उन्हाळ्यात नाशिकहून आई-बाबा आले होते, त्यांना घेऊन गेलो. बाबांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. नदी कुठं उगम पावते यापेक्षा ती कुठं अडवली आहे याकडे त्यांचं लक्ष जास्त. आईला मुळात ‘घरदार असताना कापडाखाली झोपायचं’ ही कल्पनाच पटलेली नव्हती. पण नातीनं हट्ट धरल्यावर तिचा इलाज चालला नाही.

आम्हाला बेअर पॉ कॅम्पग्राउंडात, तळ्याच्या जवळची जागा मिळाली होती. प्रत्येक जागेवर एक लाकडी टेबल, जाळीचं लोखंडी चूलकडं आणि तंबूपुरती सपाट जमीन. तंबू ठोकताना उंचवटा कुठं, उतार कुठं हे बाबांनी पाहिलं. रात्री पाऊस आला तर पाणी कुठून वाहील ते काठीनं रेघ ओढून दाखवलं आणि दार त्याच्या उलट बाजूला घ्यायला लावलं. आईनं दिशा विचारल्या. उत्तरेला डोकं करून झोपायचं नाही, हा नियम मिनेसोटातही चालू राहिला. मुलीनं फोनवरचं होकायंत्र काढून आजीच्या अंथरुणाची दिशा लावून दिली.

जळणावरून मात्र आईशी बरीच चर्चा झाली. तिचं बालपण निफाडजवळच्या खेड्यात गेलेलं, रानातून काटक्या आणणं हे मुलींचं रोजचं काम. इथं चहूकडं वाळक्या फांद्या पडलेल्या आणि मी पैसे मोजून मोळी विकत आणते, हे तिला बघवेना. तेव्हा तिला सांगितलं की पडलेलं लाकूडही जंगलाचंच. ते कुजून त्याची माती होते, त्यात रोपं रुजतात, त्याच्याखाली किडे-बेडूक राहतात. आणि घरून लाकूड आणायचं नाही याला तर फार मोठं कारण आहे. एमराल्ड अ‍ॅश बोरर नावाचा एक हिरवा चमकदार भुंगेरा आशियातून इकडं आला. २००२ साली तो डेट्रॉइटजवळ सापडला. त्याच्या अळ्या अ‍ॅश झाडाच्या सालीखाली बोगदे पाडतात, झाडाचा रस वर जायचा थांबतो आणि काही वर्षांत झाड उभं वाळतं. हा भुंगेरा स्वतःच्या पंखांवर फार लांब जात नाही. तो शेकडो मैल गेला तो कॅम्पिंगला निघालेल्या लोकांच्या गाडीत, जळणाच्या लाकडात बसून. म्हणून मंजूर विक्रेत्याकडूनच लाकूड घ्यायचं आणि इथंच जाळून संपवायचं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मग मोळी पुरवून वापरा. उगाच होळी नको पेटवायला.” त्यानंतर चुलीचा ताबा तिच्याकडेच गेला.

जाळीवर तवा ठेवून तिनं भाकरी केल्या, शेजारी स्टोव्हवर पिठलं. बाहेरच्या विस्तवावर भाकरीला जो वास येतो तो घरच्या इंडक्शनवर या जन्मात येणार नाही. डास मात्र सोसावे लागतात. मिनेसोटाचा जून म्हणजे डासांचं राज्य, आणि जंगलात गोचिडीही. तिळाएवढी असते, कळतही नाही, आणि एका जातीच्या गोचिडीमुळं लाइम रोग होतो. म्हणून पँट मोज्यांत खोचायची आणि संध्याकाळी सगळ्यांनी मान, काखा, गुडघ्यामागची बाजू तपासायची. या तपासणीला आमच्याकडं कुणालाही सूट नसते.

जेवणं झाल्यावर खाण्याची प्रत्येक वस्तू गाडीत बंद. काळी अस्वलं या भागात आहेत, रॅकून तर आहेतच. लसणाच्या चटणीची बरणी, चिवड्याची पिशवी, दातांची पेस्टसुद्धा. तंबूत फक्त माणसं आणि पाणी.

जूनच्या शेवटी इथं सूर्य सव्वानऊच्या पुढं मावळतो. आई दिवेलागणीची वाट बघत बसली होती. साडेनऊला तिनं शुभंकरोति म्हटली, तेव्हाही तळ्यावर उजेड होताच. दहानंतर सगळ्या कॅम्पग्राउंडात शांतता पाळायची असते आणि लोक ती खरोखर पाळतात. रेडिओ बंद, पोरं गप्प. त्या शांततेत अकराच्या सुमाराला तळ्यावरून एक लांबलचक, चढत जाऊन तुटणारा आवाज आला. आई उठून बसली. “अगं, कोण रडतंय?”

लून. मिनेसोटाचा राज्यपक्षी. काळं डोकं, लाल डोळे, पाठीवर पांढऱ्या चौकड्या. एक लून असा हाकारतो आणि दुसरा कुठल्या तरी लांबच्या तळ्यावरून उत्तर देतो. त्याचा आणखी एक आवाज आहे, थरथरत हसल्यासारखा. तो घाबरल्याचा, पिलांजवळ कुणी आल्याचा. बहुतेक पक्ष्यांची बरीचशी हाडं पोकळ असतात. याची बरीचशी भरीव, त्यामुळं तो खोल बुडी मारू शकतो. पाय शरीराच्या अगदी मागच्या टोकाला, म्हणून पोहण्यात पटाईत आणि जमिनीवर पार अडलेला. उडायचं झालं तर पाण्यावरूनच लांबवर धावत जावं लागतं. त्यामुळं लून म्हटलं की मोठं, स्वच्छ तळं हवंच. मासेमारीच्या गळाला लावलेली शिशाची गोळी पोटात गेली की त्याला विषबाधा होऊन तो मरतो. म्हणून आता शिशाऐवजी दुसऱ्या धातूच्या गोळ्या वापरा असं लोकांना सांगत असतात. सकाळी एक जोडी काठापासून फार दूर नव्हती, आणि एकीच्या पाठीवर करड्या लोकरीसारखं पिल्लू बसलेलं. आई बराच वेळ पाण्याकडं बघत होती. मग म्हणाली, “थंडीत जातात कुठं हे?” मेक्सिकोच्या आखाताकडं, बरेचसे. म्हणजे समोरचं पाणी आणि त्यावरचा पक्षी, दोघांचं जाण्याचं ठिकाण एकच.

सकाळी उगमाकडं गेलो. पायवाट पाइनच्या सावलीतून जाते आणि एकदम मोकळ्यावर येते. डाव्या हाताला तळं, उजवीकडं नदी, आणि दोघांच्या मध्ये गोल दगडांची एक रांग. त्या दगडांवरून तोल सांभाळत माणसं पलीकडं जातात. आजोबा नातवाचा हात धरून, नवरा-बायको एकमेकांचा; कुणी घसरलं की सगळेच हसतात. नदी तिथं वीसेक फूट रुंद असेल, पाणी गुडघ्याच्या आसपास. बाजूला झाडाच्या भल्या थोरल्या खोडावर पिवळ्या अक्षरांत कोरलंय, की समुद्रसपाटीपासून १,४७५ फुटांवर इथं मिसिसिपी सुरू होते आणि २,५५२ मैल वळणं घेत मेक्सिकोच्या आखाताला मिळते. नदी निघते ती आधी उत्तरेला, मग बेमिजीवरून पूर्वेला, आणि खूप पुढं गेल्यावर दक्षिणेचा रस्ता धरते.

मुलगी पलीकडं जाऊन दोनदा परत आली. बाबा मात्र काठावरच उभे. मग त्यांनी चपला काढल्या, पायजमा वर केला, दगडांच्या खालच्या अंगाला पाण्यात उतरले आणि दोन दगडांच्या मध्ये हात घातला.

“हा बंधारा आहे,” ते म्हणाले.

मी म्हटलं, “बाबा, उगम आहे हा. मिसिसिपीचा.”

“उगम असेल. पण हे दगड आपोआप इथं आलेले नाहीत. पाणी बघ तू. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या दगडांवरून सारख्याच जाडीचा थर पडतोय. इतकी लेव्हल कोणी लावल्याशिवाय येत नाही. खाली काँक्रीट आहे.”

माहिती केंद्रात चौकशी केली. बाबांचं बरोबर होतं. १९३० च्या दशकापर्यंत हा काठ म्हणजे दलदल होती. तळ्याचं पाणी त्यातून कसंबसं वाट काढायचं. इतक्या मोठ्या नदीचा उगम असा दिसू नये, असं तेव्हाच्या लोकांना वाटलं. मग दलदलीत भर घातली, नदीला नवं पात्र खोदून दिलं, तोंडाशी काँक्रीटची बुटकी भिंत बांधली आणि ती दिसू नये म्हणून वर दगड रचले. हे काम केलं सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कोअरच्या पोरांनी. महामंदीच्या काळात, १९३३ साली, रूझवेल्ट सरकारनं ही योजना काढली. बेकार तरुणांना जंगलात छावण्या करून ठेवायचं, झाडं लावणं, रस्ते, पूल, इमारती अशी कामं द्यायची. महिना ३० डॉलर, त्यातले २५ घरी पाठवायचे. इटास्कातल्या जुन्या ओंडक्यांच्या इमारतींपैकी कित्येक त्यांच्याच हातच्या. ओल्ड टाइमर्स केबिन नावाचं एक घर आहे, त्याच्या एकेका भिंतीला चारच ओंडके पुरले. झाडं केवढी असतील ते यावरून कळावं.

उगम ‘खरा’ नाही हे समजल्यावर काही लोकांचा विरस होतो, असं मी ऐकलंय. बाबांचा उलट उत्साह वाढला. बहात्तरच्या दुष्काळात ते नुकतेच नोकरीला लागलेले. सिन्नर-येवल्याकडं दुष्काळी कामांवर देखरेख करायचे. पाझर तलाव, नालाबांध, रस्त्याची खडी. हजारो माणसं, भर उन्हात. रोजगार हमीची मुळं त्याच कामांत. “आमच्यासारखंच की हे,” ते म्हणाले. “पोट भरायला काम काढलं, आणि काम असं झालं की नव्वद वर्षांनी लोक त्यावरून चालतायत.” आईनं विचारलं, “पण मग उगमाला अर्थ काय राहिला?” त्यावर ते म्हणाले, “त्र्यंबकला कुशावर्त काय गोदावरीनं बांधलं? पायऱ्या माणसांनीच घातल्या ना? लोक येणार म्हटल्यावर पाय ठेवायला जागा करावी लागते.”

मला हे शंभर टक्के पटतं. वर्षाला पाच लाखांच्या वर माणसं इथं येतात. ती सगळी दलदलीतून गेली असती तर आज तिथं दलदलही राहिली नसती. जिथं चालायचं तिथं पक्की वाट, जिथं जायचं नाही तिथं लाकडी कठडा, आणि बाकीचं सगळं बेडकांना आणि बदकांना मोकळं.

त्या माहिती केंद्राला मेरी गिब्ज हिचं नाव आहे. १९०३ साली ती या उद्यानाची आयुक्त होती, वय २४. वडील आयुक्त होते. ते वारले आणि त्यांच्या जागी हिची नेमणूक झाली. त्या काळात इटास्काच्या आसपास लाकूडतोड जोरात होती. तोडलेले ओंडके नदीतून खाली सोडायचे तर पाण्याचा लोंढा हवा, म्हणून लाकूड कंपनीनं तळ्याच्या तोंडाशी धरण घालून पाणी तुंबवलं होतं. तळ्याची पातळी चढली आणि काठचे जुने पाइन पाण्यात उभे राहिले. मेरी तिथं गेली आणि दारं उघडा म्हणाली. धरणावर कंपनीची हत्यारबंद माणसं होती. जो हात लावेल त्याला गोळी घालू, अशी धमकी मिळाली. तिनं स्वतः पुढं होऊन हात लावला. गोळी कुणी घातली नाही. पुढं कंपनीनं कोर्टाचा आधार घेतला, मेरीचं पद गेलं, लाकूडतोडही आणखी कित्येक वर्षं चालली. तरी आज तळ्याकाठी जे जुने पाइन उभे आहेत ते अशा माणसांमुळं. तिच्याआधी जेकब ब्राउअर यांनी १८८९ मध्ये या सगळ्या भागाची मोजणी केली, उद्यान व्हावं म्हणून पाठपुरावा केला आणि पहिले आयुक्त झाल्यावर लाकूड कंपन्यांशी सतत झगडले.

बाबा मेरीच्या माहितीच्या फलकापाशी खूप वेळ थांबले. धरणाची दारं उघडायची की नाही यावरून माणसं कशी हातघाईवर येतात, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. “मुळं पाण्यात राहिली की झाड महिनाभर हिरवं दिसतं,” ते म्हणाले. “तोपर्यंत कुणाला पटत नाही. चोवीस वर्षांच्या पोरीला वेळेवर कळलं.”

दुपारी प्रीचर्स ग्रोव्हमध्ये बसलो. अडीचशे वर्षांच्या आसपासचे रेड पाइन; खोडाला तांबूस, ताटलीसारख्या पापुद्र्यांची साल, आणि फांद्या इतक्या उंचावर की खालून फक्त खांबच दिसतात. ही झाडं आगीची लेकरं आहेत. त्यांचं बी पानांच्या जाड थरात रुजत नाही. वणव्यानं तो थर जाळून माती उघडी केली की रुजतं. मोठ्या झाडाची साल जाड असल्यानं ते तगून राहतं. उद्यान झाल्यावर वणवे विझवायला सुरुवात झाली, शिकारही बंद झाली. दोन्ही चांगल्या हेतूनं. हरणं बेसुमार वाढली, हिवाळ्यात बर्फाच्या वर जो कोवळा शेंडा दिसेल तो खाऊ लागली. वर म्हातारी झाडं आणि खाली त्यांचा वंशच नाही, अशी पाळी आली. म्हणून आता ठरवून, वारा-ओल बघून आग लावतात, हरणांची शिकार नियमानं होऊ देतात. आणि रोपांना कागद लावतात.

त्या कागदाकडं यायच्या आधी एक सांगायला हवं. उगमापाशी १८३२ साली स्कूलक्राफ्ट हा अमेरिकन शोधप्रवासी आला आणि मिसिसिपीच्या उगमाचा शोध त्याच्या नावावर लागला. त्याला वाट दाखवत आणणारा ओझाविंदिब हा ओजिब्वे, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी होता. त्याच्या माणसांना हे तळं पिढ्यानपिढ्या ठाऊक होतं. या परिसरात जुनी दफनस्थळं आहेत, हजारो वर्षांपूर्वी बायसनांची शिकार करणाऱ्यांच्या खुणा सापडल्या आहेत. ओजिब्वे आजही आसपासच्या तळ्यांवर जंगली भात काढतात. ऑगस्टच्या शेवटापासून दोघं जण होडीत. एक लांब काठीनं होडी ढकलतो, दुसरा हातातल्या दोन हलक्या काठ्यांनी कणसं होडीवर वाकवून हळूच झोडपतो. जे पिकलंय ते होडीत पडतं, काही पाण्यात, आणि तेच पुढच्या वर्षीचं बी. आम्ही परतताना पार्क रॅपिड्समध्ये तो भात घेतला. काळपट, लांब दाणा, शिजायला पाऊण तास घेतो. आईनं त्याची मुगाची डाळ घालून खिचडी केली आणि दाणा फुटून उमलेपर्यंत झाकण काढू दिलं नाही. तळं जपणारे पहिले लोक हे आहेत, हे त्या उगमावरच्या खोडावर कोरलेलं नाही. ते असायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

ऑक्टोबरात, आई-बाबा नाशिकला परतल्यावर, आम्ही व्हाइट पाइनच्या रोपांना कागद लावायला गेलो. काम साधं आहे. तळहाताएवढा कागद घ्यायचा, सगळ्यात वरच्या कळीभोवती दुमडायचा, आत दोन-चार सुया येतील असं बघून स्टेपलरनं टाचायचा. कळी कागदाच्या किंचित खाली राहिली पाहिजे. सुया टाचणीत अडकल्या नाहीत तर वाऱ्यानं कागद उडतो. फार आवळला तर वसंतात कोंब अडतो. हरणाला कागद खायचा नसतो, ते पुढं जातं. हातमोजे घालून स्टेपलर नीट चालत नाही, काढले तर बोटं गारठतात. मुलीनं आपल्या उंचीची रोपं वाटून घेतली आणि बुटकी मला दिली.

रात्री बाबांना फोन केला तर त्यांचे प्रश्न तयार. पिन गंजून खोडात रुतत नाही का? म्हटलं, पिन कागदाला आणि सुयांना असते, खोडाला लागत नाही. कागद काढायला परत जायचं का? नाही, कोंब स्वतःच वर निघून येतो. मग एकदा लावला की झालं? नाही, दर वर्षी नव्या शेंड्याला नवा कागद, हरणाचं तोंड पोचणार नाही एवढं झाड वाढेपर्यंत.

“म्हणजे सहा-सात फूट,” बाबा म्हणाले. “तेवढी वर्षं जाणार कोण?”

मी म्हटलं, पुढच्या ऑक्टोबरसाठी नावं देऊन ठेवली आहेत. बाबा म्हणाले, रांगांना नंबर टाका, नाहीतर कुठलं रोप राहिलं ते कळणार नाही.